पिवळं कार्ड, क्लास १० आणि सर्व्हिसची भानगड

दारव्ह्याच्या पुढं आमचं गाव, आणि तिथं माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. सातबारा, पीकविमा, पोट्ट्यांच्या स्कॉलरशिपा, पॅन-आधार लिंक, आणि त्यातच दिव्यांगांच्या यूडीआयडी कार्डाचे फॉर्म. मागं एकदा एप्रिलात भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही अशा वेळी, एक जण आपल्या आठवीतल्या पोराला घेऊन आला. पोराचा डावा हात कोपराखाली जेमतेम चार बोटांच्या रुंदीएवढा उरलेला, बाकीचा दोन वर्षांआधी सोयाबीन काढताना थ्रेशरनं नेला. मला वाटलं कार्ड काढायचं असेल, तर कार्ड आधीच निघालेलं, पिवळं, लॅमिनेशन करून बापाच्या खिशात.

"दादा, याचा टक्का वाढून भेटते का जी?" बाप म्हणाला. "सर म्हंतेत पोट्टं टेबल टेनिस लय भारी खेळते. पन अपंगाच्या खेळात टक्का जास्त असला तं नंबर लवकर लागते असं आयकलं मी."

हाच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडानं चार-पाच वेळा तरी आलाय, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. मी काही कोच-बिच नाही राजेहो, अमरावतीला कॉलेजात असताना हॉस्टेलच्या टेबलवर तीन वर्षं टीटी खेळलो, म्हणजे अभ्यास सोडून तेच केलं, आणि तेव्हापासून पॅरा टीटीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या टेबल टेनिसच्या, मॅचेस यूट्यूबवर पाहायचा नाद लागला तो लागलाच.

तर पहिली गोष्ट, कार्डावरचा अपंगत्वाचा टक्का आणि खेळ यांचा जवळजवळ काही संबंध नाही. यूडीआयडी कार्डाचे तीन रंग असतात, ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० च्या मधात पिवळं, आणि ८० च्या वर निळं. तो टक्का सरकारी दवाखान्यातले डॉक्टर ठरवतात, आणि तो एसटीच्या सवलतीला, पगारी योजनांना, नोकरीतल्या राखीव जागेला कामी येतो. देशातल्या स्पर्धेत नाव घालताना सर्टिफिकेट मागतात, तेवढंच. एकदा का माणूस टेबलसमोर आला की तिथं विचारतात ते क्लास कोणता.

क्लास म्हणजे कुस्तीतले वजनगट समजा. ५७ किलोचा पैलवान ९७ किलोवाल्यासोबत लावत नाहीत, तसंच इथं, फक्त वजनाऐवजी शरीर टेबलसमोर काय काय करू शकतं ते मोजतात. पॅरा टेबल टेनिसमध्ये असे ११ क्लास आहेत. १ ते ५ व्हीलचेअरवर बसून खेळणारे, ६ ते १० उभ्यानं खेळणारे, आणि ११ नंबर बौद्धिक दिव्यांगांचा. आकडा जितका लहान तितकी हालचालीला अडचण जास्त, म्हणजे व्हीलचेअरवाल्यांत १ सगळ्यात कठीण आणि ५ सगळ्यात मोकळा, उभ्यांत ६ कठीण आणि १० मोकळा.

व्हीलचेअरवाले सगळे तर बसूनच खेळतात, मग त्यांचे पाच भाग कायले, असं मला माझ्या बायकोनंच विचारलं होतं. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून वावरात चाललाय असं डोळ्यासमोर आणा, आणि हातानं काहीच धरलेलं नाही. गचका बसला की तुम्ही पोटाच्या, पाठीच्या, कंबरेच्या जोरावर स्वतःला सावरता, पाय नुसते लटकत असले तरी. आता ज्याचे हात एकदम ठणठणीत आहेत पण धडाला जोरच नाही, तो पुढं वाकला तर वाकलेलाच राहील, दुसऱ्या हातानं खुर्ची धरून परत यावं लागेल, तो क्लास ३. धड थोडंफार सावरतं पण कंबर पक्की नाही तो ४. आणि जो वाकून, कडेला झुकून, फटका मारून परत सरळ होतो, तो ५. क्लास १ आणि २ मध्ये तर खेळायच्या हातातच जोर कमी असतो, कित्येकांना बॅट मुठीत धरता येत नाही म्हणून ती पट्टीनं हाताला बांधून घेतात, आणि तसंही असे काही फटके मारतात की आपण बघतच राहतो.

हे ठरवायला क्लासिफायर लोकांचं पॅनेल असतं. आधी मेडिकल कागद बघतात. मग टेबलवर झोपवून, बसवून एकेका स्नायूचा जोर ० ते ५ अशा आकड्यात मोजतात, सांधा किती वळतो ते बघतात. मग बॅट देऊन खेळायला लावतात. आणि एवढ्यावर भागत नाही, खऱ्या मॅचमध्ये पण लक्ष ठेवतात, कारण तपासणीच्या खोलीत हात उचलत नाही म्हणणारा माणूस मॅचपॉइंटला बरोबर उचलतो. मुद्दाम कमी दाखवलं आणि सापडला तर बंदी. आणि काहीच बाधा सापडली नाही किंवा अगदीच थोडी निघाली तर सरळ "पात्र नाही" म्हणून घरी. २०२१ च्या टोकियो पॅरालिंपिकमध्ये आपल्याच एका थाळीफेकपटूला ब्राँझ मिळालं आणि दुसऱ्या दिवशी क्लासिफिकेशनच्या तपासणीत तो त्या क्लासात बसत नाही असं ठरलं, मेडल गेलं. म्हणून टक्का वाढवून आणायच्या भानगडीत पडू नका, तिथं ते चालतच नाही, उलट अंगलट येते.

हे सगळं मी त्या बापाला सांगितलं, म्हणजे एवढं नाही, थोडक्यात. तो मान हलवत होता पण त्याचं तोंड पडलं होतं. पोरगं मात्र मधातच बोललं, आणि त्यानं विचारलं ते अख्ख्या गावात आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं.

"मामा, मले सर्व्हिसच नाही करू देत. सर म्हंतेत बॉल तळहातावर ठेवाच लागते. मले तं तळहातच नाही."

आता ही खरी भानगड. टेबल टेनिसचा नियम असा आहे की सर्व्हिस करताना बॉल मोकळ्या हाताच्या उघड्या तळहातावर सुटा ठेवायचा, हात स्थिर, मग तो सरळ वर किमान १६ सेंटीमीटर उडवायचा आणि खाली येताना मारायचा. नेटची उंची १५.२५ सेंटीमीटर असते, म्हणजे नेटापेक्षा थोडं जास्त असं धरून चाला. हा नियम आहे तो लबाडी होऊ नये म्हणून, कारण बॉल बोटात दाबून धरला तर माणूस त्याला आधीच फिरकी देऊ शकतो. बरं, पण याच नियमांच्या पुस्तकात पुढं लिहिलंय की शारीरिक अपंगत्वामुळं जर एखाद्याला हे जमत नसेल तर अंपायर सर्व्हिसच्या अटीत सूट देऊ शकतो. हे कलम नुसतं पॅरावाल्यांसाठी नाही, सगळ्यांच्या नियमातच आहे. त्या सरांचा दोष नाही म्हणा, आमच्याकडं टीटीचं नियमाचं पुस्तक कोण वाचतं, क्रिकेटचं तरी कोणी वाचलंय!

मग मी त्याला मोबाइलवर नतालिया पार्तिका दाखवली.

पोलंडची पोरगी, जन्म १९८९ चा, जन्मापासूनच उजवा हात कोपराच्या खाली नाही. मोठी बहीण टीटी खेळायची, ती बघून ही सातव्या वर्षी खेळायला लागली, घरोघरी धाकट्यांचं जसं असतं तसंच. बॅट डाव्या हातात. आणि सर्व्हिसच्या वेळी बॉल ठेवते उजव्या कोपराच्या खोबणीत, तिथून वर उडवते आणि डाव्यानं मारते. बस. एवढंच. पोट्टं तो व्हिडिओ सहा वेळा बघत होतं, मी मोजलं, आणि प्रत्येक वेळी स्वतःचं कोपर दुमडून बघत होतं. बाप माझ्याकडं बघत होता की हे काय सुरू आहे.

पार्तिकाचं करिअर समजून घेतलं की हा सगळा विषयच समजतो, म्हणून जरा थांबून सांगतो. २००० साली सिडनीच्या पॅरालिंपिकला ती गेली तेव्हा ११ वर्षांची होती. अकरा! आमच्याकडं त्या वयात पोरं पाचवी-सहावीत असतात आणि तालुक्याच्या गावाला एकटं पाठवायला माय तयार नसते. तेव्हा ती जगातली सगळ्यात लहान पॅरालिंपियन होती. मेडल काही मिळालं नाही. चार वर्षांनी, २००४ ला अथेन्समध्ये, १५ व्या वर्षी सिंगल्सचं गोल्ड. मग २००८ बीजिंग गोल्ड, २०१२ लंडन गोल्ड, २०१६ रिओ गोल्ड. सलग चार. २०२१ मध्ये झालेल्या टोकियोला ही लाइन तुटली, सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाच्या यांग चियाननं तिला हरवलं आणि ब्राँझवर थांबावं लागलं, टीममध्ये मात्र तिथं पण गोल्ड आलं.

पण मला खरी मजा वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. २००८ ला बीजिंगमध्ये ती पॅरालिंपिकच्या आधी ऑलिंपिक पण खेळली, म्हणजे ते नेहमीचं, हातापायानं धडधाकट लोकांचं. त्या वर्षी दोन्ही ठिकाणी खेळणाऱ्या जगात दोनच होत्या, एक ही आणि दुसरी दक्षिण आफ्रिकेची पोहणारी नताली ड्यू टॉइट. पुढं लंडन, रिओ, टोकियो, सगळीकडं पार्तिकानं दोन्ही खेळलं. आणि ऑलिंपिकमध्ये तिला कुणी एक पॉइंट फुकट दिला नाही, टेबल तेच, नेट तेच, समोरची चिनी तीच.

इथं लोकांचा घोळ होतो. ती क्लास १० मध्ये आहे, म्हणजे उभ्यानं खेळणाऱ्यांतला सगळ्यात मोकळा क्लास, बॅटचा हात चांगला आणि दोन्ही पाय चांगले. मग लोक म्हणतात हिला तर काही झालंच नाही, सोपं आहे. अरे बाबा, क्लास १० मध्ये समोरचे पण तसेच मोकळे असतात नं! त्या क्लासात बॉलचा स्पीड आणि फिरकी जवळपास नेहमीच्या खेळाएवढी. आणि एक हात कमी असण्याचा त्रास सर्व्हिसपुरता नसतो. फोरहँड मारताना मोकळा हात शरीराचं वजन तोलतो, विहिरीतून बादली ओढताना दुसरी बाजू आपोआप बाहेर जाते तसं, तो हातच नसला तर धड एका अंगाला जास्त फिरतं आणि पुढच्या बॉलला तुम्ही उशिरा पोचता. ते सगळं पायांनी भरून काढावं लागतं. म्हणून हे जे "अपंगत्वावर मात" छापाचे मेसेज फिरतात नं, त्यांचा मला राग येतो, कारण त्यात एक फोटो असतो, एक हात जोडलेला इमोजी असतो, आणि पायांच्या त्या हजारो तासांबद्दल एक अक्षर नसतं.

पोराच्या बापाला मी म्हटलं, मी क्लासिफायर नाही, पण तुमचा पोरगा उजव्यानं खेळते, पाय चांगले आहेत, गेला तो डावा हात, म्हणजे याचं पार्तिकासारखंच क्लास १० मध्ये बसायची शक्यता जास्त. तो म्हणाला, "म्हंजे सगळ्यात कमी अपंग?" मी म्हटलं हाव. तो म्हणाला, "मंग तं अवघड झालं." म्हटलं अवघड आहेच.

दुसरं टोक बघायचं तर इजिप्तचा इब्राहिम हमदतू. दहा वर्षांचा असताना रेल्वेच्या अपघातात दोन्ही हात गेले. तो बॅट दातात धरून खेळतो, आणि सर्व्हिसला बॉल उडवतो पायाच्या बोटांनी. क्लास ६. रिओला खेळला, टोकियोला खेळला. अंपायरला सूट द्यायचा अधिकार आहे म्हणजे काय, ते इथं दिसतं. नियम मोडायचा नसतो, नियमाचा जो हेतू आहे, की बॉल सगळ्यांना दिसला पाहिजे आणि लपवून फिरकी द्यायची नाही, तो ठेवायचा.

व्हीलचेअरच्या खेळात मात्र एक नियम खरोखरच वेगळा आहे, आणि तो समजला नाही तर मॅच बघायला काही मजा येत नाही. आपण हॉस्टेलला काय करायचो, कडेला जाणारी फिरकी सर्व्हिस टाकायची, बॉल समोरच्या बाजूला एक टप्पा घेऊन साइडनं बाहेर पळतो, समोरचा धावत जातो. व्हीलचेअरवर माणूस धावेल कसा? म्हणून सिंगल्समध्ये सर्व्हिस समोरच्याच्या बाजूला टप्पा पडून साइडच्या रेषेवरून बाहेर गेली, किंवा टप्पा पडून उलटी नेटाकडं फिरली, किंवा टेबलवरच थांबली, तर तो लेट, पुन्हा सर्व्हिस. पण समोरच्यानं बॉल बाहेर जायच्या आधीच मारला तर सर्व्हिस चालू धरतात. आणि हे फक्त सर्व्हिसपुरतं बरं! एकदा रॅली, म्हणजे बॉलची टोलवाटोलवी, सुरू झाली की कुठंही टाका. म्हणून व्हीलचेअरवाले रॅलीत एक बॉल नेटाजवळ अलगद सोडतात आणि पुढचा एकदम टोकाला, समोरच्याचं धड पुढं-मागं, पुढं-मागं, दमवून टाकतात. नेटाजवळ टाकून उलटा फिरणारा उंच बॉल तर त्यांचं खास हत्यार. वरून अट अशी की फटका मारताना मांडी सीटला टेकलेली पाहिजे आणि पाय किंवा पायपट्टी जमिनीला लागायला नको, म्हणजे उचलून झेप घ्यायची सोय नाही.

आपल्या भाविना पटेलचा टोकियोचा खेळ या नजरेनं बघा. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या सुंढिया गावची, वर्षाची असताना पोलिओ झाला, बापाचं छोटं दुकान. अहमदाबादला अंधजनांसाठी काम करणाऱ्या संस्थेत कॉम्प्युटरचा कोर्स करायला गेली आणि तिथं दुसऱ्यांना टीटी खेळताना बघून खेळायला लागली. क्लास ४. टोकियोत पहिलीच मॅच चीनच्या झोउ यिंगशी पडली आणि ती सरळ ०-३ नं हरली, तिसरा गेम तर २-११. आमच्याकडं एखादा तिथंच घरी फोन लावून "येतो परत" म्हणाला असता. पण गटातली दुसरी मॅच जिंकली, मग ब्राझीलची हरवली, मग क्वार्टर फायनलला रिओची गोल्डवाली, सर्बियाची बोरिस्लावा पेरिच-रांकोविच, तिला तीन सरळ गेममध्ये, ११-५, ११-६, ११-७. सेमीला चीनची झांग मियाओ, जिला भाविना त्याआधी एकदाही हरवू शकली नव्हती, तिला पाच गेममध्ये काढली, शेवटचा ११-८. फायनलला पुन्हा तीच झोउ यिंग, पुन्हा ०-३. पण सिल्व्हर. २९ ऑगस्ट २०२१, राष्ट्रीय क्रीडा दिन, पॅरालिंपिकमध्ये टेबल टेनिसचं भारताचं पहिलं मेडल. मागं सांगितलं ते ब्राँझ, जे दुसऱ्या दिवशी गेलं, ते पण ह्याच दिवशीचं. ती तेव्हा ३४ वर्षांची होती. पार्तिका १५ व्या वर्षी जिथं पोचली त्याच्या शेजारी पोचायला आपल्या पोरीला ३४ वर्षं लागली, आणि मला नाही वाटत की यात दोघींच्या हुशारीचा काही फरक होता.

पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला तिनं गोल्ड काढलं, आणि ते क्लास ३ ते ५ एकत्र असलेल्या गटात. म्हणजे खेळाडू कमी असले की क्लास जोडतात आणि ४ वालीला ५ वालीशी खेळावं लागतं. डबल्समध्ये तर हिशोबच वेगळा. पॅरिसला २०२४ मध्ये "डब्ल्यूडी १०" (विमेन्स डबल्स) असा गट होता, अर्थ असा की दोघींच्या क्लासची बेरीज १० पर्यंत चालते. भाविना ४ ची, तिची जोडीदार सोनल पटेल ३ ची, बेरीज ७. समोर ५ अधिक ५ च्या जोड्या. ७ वाल्यांचा वेगळा गट नव्हताच, खालचा होता तो ५ बेरजेचा, त्यात त्या बसत नव्हत्या. आता सांगा, हे टक्क्यानं कसं समजणार कुणाला.

अजून एक गंमत म्हणून सांगतो, आपल्याला वाटतं पॅरालिंपिक म्हणजे ऑलिंपिकच्या मागं मागं चाललेलं काहीतरी. टेबल टेनिसमध्ये उलटं आहे. १९६० ला रोमच्या पहिल्या पॅरालिंपिकपासून टीटी आहे, ऑलिंपिकमध्ये ते आलं १९८८ ला, सोलला. अठ्ठावीस वर्षांनी! आणि आपले मुरलीकांत पेटकर, १९७२ ला हायडेलबर्गमध्ये पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिंपिक गोल्ड आणणारे सांगलीकडचे फौजी, ते त्याआधी १९६८ ला तेल अवीवला गेले होते ते टेबल टेनिस खेळायला. पहिली फेरी जिंकले पण होते.

बरं, आता पैसे. कारण बाप लोक शेवटी तिथंच येतात आणि त्यात चूक काही नाही. केंद्राची टॉप्स नावाची योजना आहे, ऑलिंपिक-पॅरालिंपिकला मेडल आणू शकतील अशा खेळाडूंना दर महिन्याला ५० हजार खिशाला, शिवाय ट्रेनिंगचा, बाहेर जायचा खर्च वेगळा. पॅरालिंपिकच्या मेडलला केंद्राकडून गोल्डला ७५ लाख, सिल्व्हरला ५०, ब्राँझला ३०. महिन्याचे ५० हजार ऐकून त्या बापानं काय केलं असेल तर मनातल्या मनात कापसात भाग दिला, मला त्याच्या ओठावरून दिसलं. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल, म्हणजे महिन्याला जवळपास पावणेसात क्विंटल कापूस, तो पण फवारणी न करता, वेचणी न देता. पण मी त्याला लगेच जमिनीवर आणला, कारण हे पैसे पोचल्यावर मिळतात, पोचायला मिळत नाहीत. मधल्या वाटेचं कुणी सांगत नाही.

मधली वाट अशी की आधी शाळेच्या, जिल्ह्याच्या स्पर्धेत सगळ्यांबरोबर खेळायचं, एक हात आहे म्हणून कुणी अडवू शकत नाही. मग राज्याची पॅरा स्पर्धा, तिथून नॅशनल, आणि तिथं देशातलं क्लासिफिकेशन. २०२३ च्या डिसेंबरात दिल्लीला पहिली खेलो इंडिया पॅरा गेम्स झाली त्यात पण टीटी होतं, तसे दरवाजे आता थोडे वाढलेत. पण जगाच्या रँकिंगमध्ये यायचं तर आंतरराष्ट्रीय स्पर्धा, आणि आंतरराष्ट्रीय क्लासिफिकेशन हे त्या स्पर्धेच्या जागीच, मॅच सुरू व्हायच्या आधी होतं. म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, इंग्रजीतले मेडिकल कागद घेऊन परदेशात जायचं आणि तिथं गेल्यावर कळणार की आपण कोणत्या क्लासात. पॅरालिंपिकची जागा मिळते ती बहुतेक करून एक तर आपल्या खंडातलं सिंगल्स जिंकून, नाही तर रँकिंगवर, आणि रँकिंग टिकवायचं म्हणजे वर्षात चार देशांत फिरायचं. नागपूरच्या कांचनमाला पांडेची गोष्ट आमच्याकडं बऱ्याच जणांना माहिती आहे, डोळ्यांनी दिसत नाही, पोहते, २०१७ ला बर्लिनच्या स्पर्धेला गेली तर पैसेच वेळेवर पोचले नाहीत आणि परक्या गावात उसने घ्यायची पाळी आली. तसंही तिथं सिल्व्हर काढलं, आणि त्याच वर्षी मेक्सिकोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला गोल्ड. लोकांना गोल्ड आठवतं, मला ते उसने पैसे आठवतात.

टीटीचं त्यातल्या त्यात बरं असं की जागा कमी लागते. टेबल २.७४ मीटर लांब, १.५२५ रुंद, मागं-पुढं थोडी मोकळीक, एक खोली पुरते. पोहायला तलाव कुठून आणाल तुम्ही आमच्या तालुक्यात? टेबल तर जवळच्या एका शाळेत होतंच, कुठल्याशा निधीतून आलेलं, आणि त्याच्यावर पोषण आहाराच्या तांदळाचे कट्टे रचलेले होते, तीन वर्षांपासून. ते उतरवायला मी, पोराचा बाप आणि तिथला शिपाई असे तिघं एक रविवार लागलो. एक कोपरा फुगलाय, त्याच्यावर बॉल पडला की मेलेला उठतो, त्याला आम्ही मसणवटा म्हणतो.

आणि मग आला फॅन. टीटीचा बॉल २.७ ग्रॅमचा, चाळीस मिलिमीटरचा प्लास्टिकचा, फॅनची हवा लागली की फिरकी कुठं आणि बॉल कुठं. म्हणून खेळताना फॅन बंद, कूलर बंद, खिडक्या बंद. मोठ्या शहरात एसी हॉल असतो. आमच्याकडं मे महिन्यात ४५ डिग्रीत पत्र्याच्या खोलीत फॅन बंद करून खेळणं म्हणजे काय हे विदर्भाच्या बाहेरच्या माणसाला समजावून सांगता येत नाही, त्यानं एकदा यावं. आम्ही वेळ काढली ती पहाटे पाचची आणि रात्री नऊनंतरची, तीसुद्धा लाइट असली तर.

कोपरावर बॉल ठेवणं दिसायला सोपं दिसतं. पहिला आठवडाभर बॉल घरंगळत कट्ट्यांच्या मागं जायचा आणि आम्ही बॅटरी लावून शोधायचो. पार्तिकाची खोबण आणि याची खोबण सारखी नाही, याच्या कोपराखाली टाके पडल्याचा एक उंचवटा आहे, बॉल तिथून डावीकडं सरकतो. तेव्हा त्यानं स्वतःच हात थोडा आत वळवून बघितला, मग जास्त वळवला, आणि एक दिवस बॉल तिथं टेकला तो उडवेपर्यंत टेकूनच राहिला. मी नेटाच्या खांबाला एक काडी बांधून १६ सेंटीमीटरची खूण केली, त्याच्या खाली उडाला की तो बाद. शंभरात आधी दहा चांगल्या पडायच्या, आता साठ-पासष्ट पडतात. सर पण येऊन बघून गेले, मी त्यांना मोबाइलवर ते सूट देणारं कलम वाचून दाखवलं, ते म्हणाले पुढच्या जिल्हा स्पर्धेच्या आधी अंपायरला भेटून सांगू, म्हणजे ऐन वेळी वाद नको.

काल रात्री पुन्हा खेळलो. बनियनं अंगाला चिकटलेली. रोज सर्व्हिस दोनशे मारायच्या असा त्याचा स्वतःचा नियम आहे, मी नाही लावलेला. बाप भिंतीला टेकून उभा होता, एक हात फॅनच्या बटणावर.

"किती झाल्या रे?"

"एकशे चाळीस."

"मंग लवकर कर नं बावा, गुरुजी मरून रायले गरमीनं." गुरुजी म्हणजे मी. टक्क्याचा विषय त्यानं परत काढला नाही, बटणावरचा हात मात्र काढला आणि खाली बसून कट्ट्यामागचा बॉल शोधायला लागला.